मशीन पडतं, पण मागे काहीच ठेवत नाही : लिनक्सच्या क्रॅश नोंदी मिळवण्याचं काम

यंत्र : जुना रॅक सर्व्हर, एक प्रोसेसर, ८ कोअर, ३२ जीबी रॅम, दोन डिस्कवर सॉफ्टवेअर रेड १, सोबत बीएमसी (मशीनवर बाहेरून नजर ठेवणारी आणि ते रीसेट करू शकणारी वेगळी चिप). डेबियन १२ आणि त्याचंच ६.१ कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा.
तक्रार : दर दहा-पंधरा दिवसांनी रात्री-अपरात्री मशीन आपोआप रीबूट होतं. का झालं, ते कुठेच लिहिलेलं नसतं.
हातात घेतलेलं काम : क्रॅश थांबवणं नाही. पुढचा क्रॅश पुरावा ठेवून जावा, एवढंच.

फाइलींची आणि पॅरामीटरची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरावं.

२ जून २०२५

सगळ्यांचा पहिला संशय : लाइट गेली असणार. यूपीएसच्या लॉगमध्ये त्या रात्रीची एकही नोंद नाही. रॅकमधली शेजारची दोन मशीनं त्याच लाइनवर आहेत आणि ती चालूच होती. विजेचा मुद्दा निकालात.

जर्नलकडे (सिस्टिमचा लॉग ठेवणारी सेवा) मागच्या बूटचा लॉग मागितला. शेवटची ओळ ०३:१२ची, साध्या क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाची. त्यानंतर थेट नवं बूट. ना ऊप्स (कर्नलमधली चूक), ना पॅनिक (चूक सावरता न आल्याने कर्नलने स्वतः थांबणं), ना 'शटिंग डाउन'. जर्नल ही यूजर-स्पेसमधली, म्हणजे कर्नलबाहेरची सेवा आहे, कर्नल मेलं की तिला लिहायला कोणी वेळ देत नाही. शिवाय साध्या पातळीच्या ओळी ती डीफॉल्टने ५ मिनिटांनी एकदा सिंक करते, फक्त क्रिटिकल आणि त्यावरच्या ओळी लगेच. म्हणजे शेवटची शांत ओळ ०३:१२ची असली तरी मशीन ०३:१२लाच पडलं असं म्हणता येत नाही.

बीएमसीच्या इव्हेंट लॉगमध्ये मात्र एक ओळ सापडली : वॉचडॉग, हार्ड रीसेट. कर्नल पॅनिक होऊन स्वतः रीबूट झालेलं नाही, ते गोठलं. वॉचडॉग म्हणजे ठरल्या वेळात 'मी जिवंत आहे' अशी खूण मिळाली नाही की मशीन रीसेट करणारं घड्याळ. सगळ्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीच्या सेटिंगमध्ये रनटाइम वॉचडॉग ६० सेकंदांचा आहे, त्याची मुदत संपली आणि बीएमसीने रीसेटचा खटका ओढला. खटका ओढला की रॅममधलं सगळं गेलं.

सिसकंट्रोलची, म्हणजे चालू कर्नलच्या सेटिंगची, आजची मूल्यं लिहून ठेवली : पॅनिक ०, पॅनिक-ऑन-ऊप्स ०, सॉफ्टलॉकअप-पॅनिक ०, हार्डलॉकअप-पॅनिक ०, एनएमआय-वॉचडॉग ०, वॉचडॉग-थ्रेश १०. या यादीतलं पाचवं मूल्य आजच डोळ्यात खुपायला हवं होतं. खुपलं नाही, आणि त्याची किंमत पुढे पाच दिवसांनी कळली.

३ जून

केडंप बसवलं. थोडक्यात तत्त्व : बूटच्या वेळी रॅमचा एक तुकडा बाजूला ठेवायचा, त्यात दुसरं छोटं कर्नल आधीच भरून ठेवायचं. पहिलं कर्नल पॅनिक झालं की बायोसकडे न जाता थेट त्या दुसऱ्यात उडी. दुसरं कर्नल पहिल्याची रॅम एका फाइलसारखी वाचतं आणि डिस्कवर उतरवतं, तो डंप. पॅकेजं तीन : केडंप-टूल्स, मेकडंपफाइल (रॅम गाळून-दाबून लिहिणारं) आणि क्रॅश (डंप उघडून वाचणारं).

पॅकेजने ठरवलेली राखीव जागा कमी वाटली म्हणून ग्रबच्या (बूटला कर्नल सुरू करणारा प्रोग्राम) मुख्य डीफॉल्ट फाइलमध्ये क्रॅशकर्नल=५१२एम लिहिलं, अपडेट-ग्रब चालवलं, रीबूट. प्रॉकमधली (कर्नल स्वतःची माहिती दाखवतं तो फोल्डर) आयओमेम ही मेमरीच्या वाटणीची फाइल पाहिली, 'क्रॅश कर्नल'चा पट्टा होता तेवढाच. पुन्हा लिहिलं, पुन्हा रीबूट. तेच. हे मशीन बायोसमधून बाहेर यायला साडेचार मिनिटं घेतं, त्यामुळे चार रीबूटमध्ये आणि मधल्या डोकेखाजवणीत दीड तास गेला.

कारण साधं निघालं. केडंप-टूल्स स्वतःचा एक तुकडा ग्रब.डी या फोल्डरमध्ये ठेवतं आणि तो मुख्य फाइलीनंतर जोडला जातो. कर्नलच्या आज्ञेत क्रॅशकर्नल दोनदा आलं, आणि दोनदा आलं की कर्नल शेवटचं धरतं. चालू कर्नलची आज्ञा प्रॉकमधल्या सीएमडीलाइनमध्ये पहिल्याच रीबूटनंतर वाचली असती तर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिसले असते. आकडा बदलायचा तो ग्रब.डीमधल्या तुकड्यातच.

आत्तापुरतं पॅकेजचंच मूल्य ठेवलं, आधी त्यावर काय होतं ते बघू. केएक्सेक-क्रॅश-लोडेड या सिस-फाइलमध्ये १ आलं, म्हणजे दुसरं कर्नल भरलेलं आहे.

४ जून

पहिली चाचणी. सिंक केलं, मग सिसआरक्यू-ट्रिगर या फाइलमध्ये 'सी' लिहिलं, म्हणजे मुद्दाम क्रॅश घडवला. स्क्रीन काळी. दहा मिनिटं काळी. वॉचडॉगने रीसेट केलं की डंप होऊन रीबूट झालं, हेही कळेना. क्रॅश फोल्डर रिकामा.

दुसऱ्या कर्नलला ग्राफिक्स कार्ड पहिल्याने सोडलं त्या अवस्थेत मिळतं, त्यामुळे स्क्रीनवर विसंबून चालत नाही. आधी सिरियल कन्सोल (कर्नलच्या ओळी सिरियल पोर्टमधून बाहेर) लावायला हवं होतं, ते आता लावलं : बीएमसीचं सिरियल-ओव्हर-लॅन, कर्नलच्या आज्ञेत दुसरा सिरियल पोर्ट, ११५२०० बॉड. या मशीनवर बीएमसी दुसऱ्या पोर्टला जोडलेला आहे. पहिला पोर्ट लिहून बसलात तर कोरी खिडकी मिळते आणि वाटतं कर्नलच बोलत नाही. कन्सोल दोन दिले असतील तर शेवटचं कन्सोल मुख्य ठरतं.

सिरियल लावताच उत्तर समोर : दुसऱ्या कर्नलची मेमरी संपली, ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) एकेक करत सगळं मारलं, शेवटी मारण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तेही पॅनिक. डेबियनमध्ये दुसरं कर्नल खरी रूट फाइलसिस्टिम माउंट करतं आणि यूडेव्ह ही सेवा सापडेल त्या हार्डवेअरचे ड्रायव्हर भरत सुटते. नेटवर्क कार्डाच्या रांगांचे बफरच शेकडो एमबी खाऊ शकतात.

दोन गोष्टी केल्या. राखीव जागा ५१२ एमबी. आणि दुसऱ्या कर्नलच्या आज्ञेत मॉड्यूल-ब्लॅकलिस्ट, म्हणजे न भरायच्या ड्रायव्हरांची यादी : नेटवर्क, ग्राफिक्स, आवाज, आयपीएमआयची (बीएमसीशी बोलणारी) सगळी मॉड्यूलं. डंप लोकल डिस्कवर जाणार, नेटवर्क कशाला हवं?

चाचणी. दुसरं कर्नल उठलं आणि आख्खा सर्व्हर सुरू करायला लागलं : डेटाबेस, वेब सर्व्हर, सगळा लवाजमा ५१२ एमबीत. पुन्हा ओओएम.

चूक : केडंपच्या डीफॉल्ट फाइलमधलं 'सीएमडीलाइन-अपेंड' हे चल नावाने अपेंड असलं तरी आपण ते लिहिलं की पॅकेजचं मूळ मूल्य पूर्ण पुसलं जातं. त्या मूळ मूल्यात रीसेट-डिव्हाइसेस, एनआर-सीपीयूज=१, आयआरक्यूपोल आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'फक्त डंपची सेवा चालव' सांगणारं सिस्टमडी-युनिट असतं. मूळ ओळ कॉमेंटमधून उचलून पुढे ब्लॅकलिस्ट जोडली. बदलानंतर केडंप-कॉन्फिगने अनलोड-लोड करणं विसरू नये. ती ओळ दुसरं कर्नल भरतानाच आत जाते, नुसती फाइल सेव्ह करून उपयोग नाही. केडंप-कॉन्फिगची 'टेस्ट' आज्ञा प्रत्यक्ष क्रॅश न करता पूर्ण ओळ छापून दाखवते. ती सकाळीच चालवली असती तर एक चाचणी वाचली असती.

५ जून

आता डंप सुरू होतो, टक्केवारी पुढे सरकते आणि मध्येच मशीन रीसेट. क्रॅश फोल्डरमध्ये 'डंप-इनकम्प्लीट' नावाची फाइल. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा जवळपास त्याच क्षणी. एवढं नियमित रीसेट म्हणजे घड्याळच.

बीएमसीचा वॉचडॉग ६० सेकंदांचा. पहिलं कर्नल मेलं तरी बीएमसीचं घड्याळ चालूच राहतं. दुसऱ्या कर्नलमधला सिस्टमडी त्याला चुचकारू शकला असता, पण त्यासाठी लागणारं आयपीएमआय-वॉचडॉग मॉड्यूल कालच ब्लॅकलिस्टमध्ये टाकलेलं. कालचा उपाय आजचा रोग. आयपीएमआयची मॉड्यूलं यादीतून काढली, त्यांचं मेमरीवरचं ओझं किरकोळ आहे.

वेळही कमी केला. मेकडंपफाइलला इथे झेडलिब दाबणी आणि गाळणी-पातळी ३१ दिलेली होती. ३१ म्हणजे पाचही प्रकारची पानं गाळायची : कोरी (१), दोन प्रकारची कॅश (२ आणि ४), यूजर प्रोसेसची (८), मोकळी (१६). कर्नलचा दोष शोधायला एवढं पुरतं. यूजर प्रोसेसचा डेटा डंपमध्ये येत नाही हा वर फायदा, विशेषतः डंप दुसऱ्याला पाठवायचा असेल तर. झेडलिबऐवजी एलझेडओ केलं : ४ मिनिटं १० सेकंदांवरून १ मिनिट ३५ सेकंद. फाइल मोठी झाली, ९०० एमबीच्या जागी १.२ जीबी. चालेल.

संध्याकाळी पहिला पूर्ण डंप आणि शेजारी डीमेसेजची, म्हणजे कर्नलच्या संदेशांची, वेगळी फाइल. इथे काम संपलं असं वाटलं होतं. बहुतेक मार्गदर्शिका इथेच थांबतात.

७ जून

सिसआरक्यूचं 'सी' फक्त एकाच वाटेची परीक्षा घेतं. ६.१मध्ये ते सरळ पॅनिक हे फंक्शन बोलावतं. मशीन खऱ्या आयुष्यात असं सभ्यपणे मरत नाही. बीएमसीची नोंद तर गोठल्याची होती. म्हणून मरण्याचे तीन वेगळे प्रकार तपासायला एक चिमुकलं मॉड्यूल लिहिलं, साधारण चाळीस ओळींचं, कर्नल हेडर बसवून बांधलेलं. पॅरामीटरनुसार ते तीनपैकी एक करतं :

नल पॉइंटरवर लिहिणं, म्हणजे ऊप्स.
प्रीएम्प्ट (कोअर काढून दुसऱ्या कामाला देणं) बंद करून अनंत लूप, म्हणजे सॉफ्ट लॉकअप.
त्या कोअरचे इंटरप्ट (हार्डवेअरच्या हाका) बंद करून अनंत लूप, म्हणजे हार्ड लॉकअप.

चालवण्याआधी सिंक आणि डेटाबेस बंद. हे रेडच्या रीसिंकच्या मध्ये करू नये.

ऊप्स : केडंपची सेवा पॅनिक-ऑन-ऊप्स १ करते, त्यामुळे डंप नीट आला. मुद्दाम ० करून पाहिलं तर फक्त मॉड्यूल घालणारी प्रोसेस मेली, मशीन पुढे चालत राहिलं आणि मॉड्यूल अर्धवट अडकून बसलं. अशा अवस्थेतलं मशीन तासाभराने भलत्याच जागी पडतं आणि दोष भलत्याचाच दिसतो. सर्व्हरवर १च हवं.

सॉफ्ट लॉकअप : सिरियलवर एक ओळ, 'अमुक सीपीयू २२ सेकंद अडकला', आणि बस. पॅनिक नाही, डंप नाही, कॉल ट्रेसही (कोणत्या फंक्शनमधून कुठे पोचलं याची यादी) नाही. ट्रेस का नाही? कर्नलच्या आज्ञेत 'क्वाएट' आहे, त्याने कन्सोलची पातळी ४ होते. शीर्षकाची ओळ इमर्जन्सी पातळीची म्हणून ती दिसते. रजिस्टर आणि ट्रेस साध्या वॉर्निंग पातळीचे, ते कन्सोलपर्यंत येतच नाहीत. पॅनिक आणि ऊप्सच्या वेळी कर्नल स्वतःच पातळी वाढवतं, म्हणून तिथे हा घोळ दिसत नाही. 'क्वाएट' काढलं. सॉफ्टलॉकअप-पॅनिक १ केलं, डंप आला.

हार्ड लॉकअप : मॉड्यूल घातलं. २१ सेकंदांनी सिरियलवर आरसीयू स्टॉलची (एक कोअर बराच वेळ प्रतिसाद देत नाही अशी) तक्रार. मग दुसरे कोअर एकेक करून गप्प, कारण अडकलेल्या कोअरला निरोप पाठवून ते उत्तराची वाट बघत बसतात. दीड मिनिटाच्या आसपास बीएमसीचं रीसेट. डंप नाही. जर्नलमध्ये आरसीयूची ओळसुद्धा नाही, ती डिस्कपर्यंत पोचलीच नव्हती. बीएमसीच्या लॉगमध्ये : वॉचडॉग, हार्ड रीसेट.

शब्दशः मूळ तक्रार. आणि कारण २ जूनच्याच यादीत : एनएमआय-वॉचडॉग ०. ज्या कोअरचे इंटरप्ट बंद आहेत त्याला टायमर जागं करू शकत नाही, फक्त एनएमआय, म्हणजे बंद न करता येणारा इंटरप्ट, करू शकतो. तो पहारेकरीच बंद होता. सिसकंट्रोलच्या फोल्डरमधल्या एका जुन्या फाइलीत 'वीज बचत आणि वेग' अशा कॉमेंटखाली तो ० केलेला सापडला. असे सल्ले नेटवर भरपूर आहेत. पहारेकरी प्रत्येक कोअरचा एक परफॉर्मन्स काउंटर अडवतो, एवढाच त्याचा खर्च.

नवी फाइल टाकून जुनीवर मात करण्यापेक्षा जुनी ओळच खोडली. दोन फाइलींत दोन मूल्यं ठेवली की नावाच्या वर्णक्रमाने शेवटची जिंकते, आणि सहा महिन्यांनी ते कोणाच्या लक्षात राहत नाही. आता एनएमआय-वॉचडॉग १, हार्डलॉकअप-पॅनिक १. पुन्हा चाचणी : दहा-बारा सेकंदांत पॅनिक, डंप पूर्ण.

हंग-टास्क-पॅनिक मात्र ०च ठेवलं. एखादी प्रोसेस १२० सेकंद डिस्कची वाट बघत राहिली म्हणून सर्व्हर पाडायचा नसतो. रेडची तपासणी चालू असताना असं सहज होतं. तिथे लॉगमधली ओळ पुरे.

व्हर्च्युअल मशीनवर हे करणाऱ्यांसाठी : पाहुण्या मशीनला परफॉर्मन्स काउंटर दिलेले नसतील तर हा पहारेकरी सुरूच होत नाही. मूल्य १ लिहिलं म्हणून निर्धास्त राहू नका, हार्ड लॉकअप करूनच बघा.

८ जून

नेटकन्सोल. डिस्क किंवा रेडच बिघडली तर डंप कुठे लिहिणार? म्हणून कर्नलच्या ओळी यूडीपीने शेजारच्या मशीनवर. मूळ पोर्ट ६६६५, समोरचा ६६६६. दोन तास गेले ते असे.

मॉड्यूल बूटच्या फार सुरुवातीला भरलं गेलं, तेव्हा नेटवर्क कार्डाचं नाव अजून बदललेलं नव्हतं, 'असं उपकरण नाही' म्हणून ते परत गेलं. नेटवर्क वर आल्यानंतर भरणारं छोटं सिस्टमडी-युनिट लिहिलं. बूटचे पहिले काही सेकंद त्यामुळे सुटतात, त्याला इलाज नाही.

दुसरं, लॉग घेणारं मशीन वेगळ्या सबनेटमध्ये. नेटकन्सोल एआरपी करत नाही, म्हणजे समोरच्याचा हार्डवेअर (मॅक) पत्ता स्वतः शोधत नाही, आणि राउटिंगचं टेबल बघत नाही. मॅक पत्ता समोरच्या मशीनचा नाही, गेटवेचा द्यावा लागतो. गेटवे बदलला की हे गुपचूप बंद पडेल, म्हणून रोज पहाटे एक ओळ कर्नलच्या लॉगमध्ये ढकलणारा क्रॉन ठेवला. घेणाऱ्या बाजूला ती दिसली नाही तर मेल येतो.

घेणाऱ्या बाजूला साधं नेटकॅट लावू नये, ओळींवर वेळेची नोंद येत नाही. आरसिसलॉग ही लॉग घेणारी सेवा यूडीपीवर ऐकती करणं बरं.

९ जून

तिन्ही प्रकार पुन्हा, या वेळी नेटकन्सोल बघत. ऊप्स आला. सॉफ्ट लॉकअप आला. हार्ड लॉकअपचं एक अक्षरही नाही, ना नेटकन्सोलवर ना सिरियलवर. डंप मात्र पूर्ण, आणि त्यातल्या डीमेसेजमध्ये सगळं व्यवस्थित.

आधी वाटलं पॅकेट हरवली. सिरियलवरही नाही म्हटल्यावर तो तर्क बाद. ६.१चा सोर्स वाचून उलगडा झाला. एनएमआयच्या आत असताना प्रिंटके (कर्नलचं ओळी छापणारं फंक्शन) ओळ फक्त कर्नलच्या बफरमध्ये ठेवतं आणि कन्सोलवर छापणं पुढे ढकलतं, कारण कन्सोल ड्रायव्हरचं कुलूप कोणाच्या हातात असेल सांगता येत नाही. हार्ड लॉकअपचं पॅनिक एनएमआयमधूनच होतं. आणि केडंप भरलेलं असल्यामुळे पॅनिक ताबडतोब दुसऱ्या कर्नलमध्ये उडी मारतं. पुढे ढकललेलं छापण्याची पाळी येतच नाही. केडंप काढून तीच चाचणी केली : ओळी सिरियलवर आल्या.

म्हणजे हार्ड लॉकअपसाठी नेटकन्सोलच्या भरवशावर राहता येत नाही, केडंपच हवं. हे बिघाड नाही, रचना आहे.

११ जून

पीस्टोअर. क्रॅशच्या वेळी डीमेसेजची शेपटी फर्मवेअरच्या स्मृतीत किंवा रॅमच्या राखून ठेवलेल्या कोपऱ्यात लिहायची, पुढच्या बूटला वाचायची. या सर्व्हरचं फर्मवेअर ईआरएसटी (चुकांच्या नोंदी जपायची जागा) देतं, तेच बॅकएंड, म्हणजे साठवायचं ठिकाण, म्हणून लागलं. एका वेळी एकच बॅकएंड चालतं.

सिसआरक्यू सी, रीबूट, पीस्टोअरचा फोल्डर रिकामा. पुन्हा, रिकामा. ईआरएसटी मोडलेलं आहे या समजात अर्धा दिवस फर्मवेअरच्या मेनूंत घालवला. खरी कारणं दोन होती आणि एकावर एक बसली होती.

एक : पॅनिक या फंक्शनमधला क्रम. केडंप भरलेलं असेल तर दुसऱ्या कर्नलमध्ये उडी आधी, आणि पॅनिक नोटिफायर (पॅनिक झाल्याची खबर मिळाल्यावर चालणारी फंक्शनं) व पीस्टोअरला मजकूर देणारं काम नंतर. उडी यशस्वी झाली की 'नंतर' उरतच नाही. ऊप्सच्या वाटेवरही तसंच. ५ जूनचा वॉचडॉगचा घोळही याच क्रमाचा : आयपीएमआय-वॉचडॉगचा नोटिफायर पॅनिकच्या वेळी घड्याळ २५५ सेकंदांवर नेतो, पण केडंप त्याच्याआधीच निघून जातं.

दोन : केडंप काढून चाचणी केली तरी फोल्डर रिकामाच, कारण सिस्टमडी-पीस्टोअर ही सेवा बूटला त्या फाइली उचलून व्हार-लिब-सिस्टमडीखालच्या पीस्टोअर फोल्डरमध्ये हलवते. तिथे केडंप काढून केलेल्या चाचणीची नोंद शांतपणे पडून होती. मेनूंत फिरायची काही गरज नव्हती.

कच्चे तुकडे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, भाग १ म्हणजे लॉगचा शेवट. क्रम उलटा असतो.

क्रॅश-केएक्सेक-पोस्ट-नोटिफायर्स हा पॅरामीटर दिला तर क्रम फिरतो : आधी नोटिफायर आणि पीस्टोअर, मग केडंप. दिला नाही. मेलेल्या कर्नलमध्ये जितका जास्त कोड चालवावा तितकी मध्येच अडकण्याची शक्यता, आणि अडकलं तर पूर्ण डंपच जातो. चार पानी मजकुरासाठी सव्वा जीबीचा पुरावा पणाला लावायचा नाही. पीस्टोअर बूटच्या त्या काळासाठी ठेवलं, जेव्हा केडंपची सेवा अजून सुरू झालेली नसते.

बॅकएंड ईएफआय व्हेरिएबलचं असेल तर जास्त सावध. ती जागा मदरबोर्डच्या फ्लॅशमध्ये, छोटी असते. ती भरल्यामुळे काही लॅपटॉप कायमचे निकामी झाल्याची प्रकरणं २०१३ साली गाजली होती, त्यानंतर कर्नलमध्ये मर्यादा आल्या. तरी अशा मशीनवर पन्नास चाचण्या करत बसू नये. साध्या पीसीवर रॅमऊप्स, म्हणजे रॅमच्या कोपऱ्याचं बॅकएंड, बरं. तिथे ग्रबच्या फाइलीत मेममॅप या मेमरी राखणाऱ्या पॅरामीटरमधल्या डॉलर चिन्हाला एस्केप लागतो. नाहीतर ग्रब ते चिन्ह गिळतं आणि हवी ती मेमरी राखली जात नाही.

१४ जून

डंप उघडून पाहणं. त्यासाठी त्याच कर्नलची डीबग-चिन्हं (पत्त्यांना फंक्शनांची नावं देणारी माहिती) लागतात, त्याच म्हणजे अगदी त्याच आवृत्तीची. मधल्या काळात अपडेटने कर्नल एक पायरी पुढे गेलं, डीबग पॅकेज नव्याचं आलं, आणि जुने डंप उघडताना क्रॅश म्हणालं की फाइली जुळत नाहीत. जुनं डीबग पॅकेज शोधून आणण्यात तास गेला. ठरवलं : कर्नल बदललं की त्याचं डीबग पॅकेज त्याच दिवशी उतरवून वेगळ्या मशीनवर जपायचं. उघडल्यावर काही जीबी होतं, सर्व्हरवर ठेवायची गरज नाही.

सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणं) चालू असलेल्या मशीनवर केएक्सेकची, म्हणजे दुसरं कर्नल भरण्याची, जुनी पद्धत कर्नल नाकारतं. फाइल-आधारित पद्धत आणि सही केलेलं कर्नल लागतं. इथे सिक्युअर बूट बंद आहे, म्हणून हे पडताळलेलं नाही.

चाचणीचं मॉड्यूल मशीनवरून काढून टाकलं.

२३ जून

०२:४७ला मशीन पडलं. या वेळी डंप आहे, १.३ जीबी, पूर्ण. नेटकन्सोल कोरं, अपेक्षेप्रमाणे.

डीमेसेजची शेवटची पाटी : सीपीयू ५वर हार्ड लॉकअप. टेंट खुणा (कर्नल शुद्ध राहिलेलं नाही हे सांगणारी अक्षरं) ओ आणि ई, म्हणजे कर्नलच्या झाडाबाहेरचं, सही नसलेलं मॉड्यूल आत आहे. क्रॅश या साधनात बीटी (पडताना चालू असलेल्या फंक्शनांची साखळी) वाचला, खालून वर :

मॉनिटरिंगची प्रोसेस नेटलिंककडून इंटरफेसचे आकडे मागते. कर्नल नेटवर्क ड्रायव्हरच्या आकडेवारीच्या फंक्शनमध्ये शिरतं. तिथेच इंटरप्ट येतो. त्याच ड्रायव्हरचा इंटरप्ट हँडलर. हँडलर स्पिनलॉक (मोकळं होईपर्यंत कोअरला जागीच फिरवत ठेवणारं कुलूप) मागतो. सगळ्यात वर स्पिनलॉकची वाट बघणारं स्लोपाथ हे फंक्शन.

डिसअसेंब्लीत दिसलं की आकडेवारीचं फंक्शन तोच स्पिनलॉक इंटरप्ट बंद न करता घेतं. लॉक हातात असताना त्याच कोअरवर त्याच कार्डाचा इंटरप्ट आला की हँडलर त्या लॉकसाठी थांबतो, आणि ज्याच्याकडे लॉक आहे तो हँडलर संपायची वाट बघतो. कोअर गेला. मॉनिटरिंग दर १५ सेकंदांनी विचारतं आणि ती खिडकी काही मायक्रोसेकंदांची, म्हणून दहा-पंधरा दिवसांतून एकदाच गाठ पडायची.

ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्याचा, डीकेएमएसने (बाहेरची मॉड्यूलं प्रत्येक कर्नलसाठी बांधणारं साधन) बांधलेला. अशी चूक लॉकडेप (कुलपांचा वापर तपासणारी कर्नलची सोय) चालू असलेल्या कर्नलवर पहिल्या मिनिटाला पकडली जाते. त्या कार्डासाठी ६.१मध्येच ड्रायव्हर आहे. बाहेरचा काढला, आतला लावला, इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) पुन्हा बांधलं. नेटकन्सोलच्या युनिटमध्ये कार्डाचं नाव बदलावं लागलं, हे दुसऱ्या दिवशी पहाटेची ओळ न आल्यामुळे कळलं.

हिशेब : एकूण ३१ तास. त्यात ४६ रीबूट, साडेचार मिनिटांनी, म्हणजे साडेतीन तास नुसतं बायोस बघण्यात. सामानाचा खर्च शून्य. कायमची किंमत ५१२ एमबी रॅम.

१९ जुलै

२३ जूननंतर मशीन पडलेलं नाही. आज मात्र कर्नल अपडेटनंतर पहाटेच्या तपासणीचा मेल : केएक्सेक-क्रॅश-लोडेड ०.

नव्या कर्नलसाठी केडंपचं वेगळं इनिटरॅमएफएस व्हार-लिबखाली बांधलं जातं. व्हार भरलेलं होतं म्हणून ते बांधलंच गेलं नाही आणि सेवा गुपचूप अपयशी. व्हार भरलं होतं ते कशाने? जूनमधल्या नऊ डंपांनी. आठ खोडले, २३ जूनचा दुसऱ्या मशीनवर हलवला, शेवटचे तीन सोडून बाकीचे डंप खोडणारी ओळ क्रॉनमध्ये घातली. इनिटरॅमएफएस बांधलं, सेवा पुन्हा सुरू केली. १ आला. मग सिसआरक्यू सी करून पाहिलं : १ मिनिट ३८ सेकंद, डंप पूर्ण.